दुपारची साक्ष

मलिताच्या फोनवर सकाळी जो निरोप आला तो तिने तीनदा वाचला आणि फोन पालथा घालून चुलीशेजारी ठेवून दिला. निरोप तसा नेहमीचाच होता. अमुक शेतातली खुंटी संशयित आढळली आहे, तीन दिवसांत जाऊन साक्ष द्यावी. चार वर्षांत असे कितीतरी निरोप तिला आले होते. आजचं शेत मात्र तिच्या नवऱ्याचं होतं.

नवरा, म्हणजे जुस्तिनो, त्या वेळी अंगणात तोंड धूत होता. उजाडायच्या आधीच तो कुठेतरी जाऊन आला होता. गेले पंधरा दिवस रोजच जात होता. वीस लिटरचा पिवळा कॅन त्याच्या पायाशी आडवा पडला होता, आतून ओला. शर्टाला कसलासा उग्र वास येत होता. कुठे गेला होतात, असं मलिताने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोघांनी मुकाट्याने मक्याची उकड खाल्ली. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला दिसत होतं, आणि शेतीच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरं असावं अशी तिला भीती वाटत होती.

त्यांचं गाव नाम्बीरो. मलावीच्या पार दक्षिणेला, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी. गावाखालून रुओ नदी वाहते आणि नदीपलीकडे मोझांबिक सुरू होतो. जुस्तिनो पलीकडचा. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात. नाम्बीरोत हसायची सोय नाही, कारण तिथे सगळेच घरजावई. जमीन आईकडून मुलीकडे जाते. नवरा लग्न करून बायकोच्या गावी येतो, तिच्या जमिनीतला एक तुकडा कसतो, आणि घरातला शेवटचा शब्द बायकोच्या मामाचा असतो. जावई वीस वर्षं राहिला तरी पाहुणाच. मामाने एकदा सांगितलं, बाबा रे, आपली चटई उचल, की त्याने उचलायची. कारण विचारायची पद्धत नाही.

मलिताचे मामा लाझारो हेच गावचे प्रमुखही होते. तेव्हा जुस्तिनोची चटई दोन्ही बाजूंनी त्यांच्याच हातात होती.

आता ही खुंटी म्हणजे काय ते सांगायला हवं.

तिकडच्या लहान शेतकऱ्याला सगळ्यात जास्त कोण फसवत असेल तर पहिला पाऊस. नोव्हेंबरात एक दणदणीत सर येते, लोक घाईने मका टोकतात, आणि मग बारा-पंधरा दिवस आभाळ कोरडं. उगवलेलं करपून जातं आणि दुसऱ्यांदा पेरायला घरात दाणा नसतो. हवा बिघडत गेली तसा हा खेळ दर वर्षीचा झाला. शेवटी त्या भागातल्या सहा देशांनी एकत्र यायचं ठरवलं. सहा सरकारं एकत्र आली की आधी बोधचिन्ह ठरतं, मग बैठका होतात, मग बोधचिन्ह बदलतं. पण या खेपेला खरोखर काम झालं, हे मान्य करावं लागेल.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, तुरीचा नवा वाण. मक्याच्या ओळींमध्ये तूर लावायची पद्धत तिथे जुनीच. आपल्या वरणातली तूर कित्येकदा तिथूनच येते. नव्या वाणाची मुळं पुरुषभर खोल जात, जिथे वरची माती भाजून निघाली तरी ओल टिकते. दुसरी गोष्ट ही खुंटी. भाजलेल्या मातीची, मक्याच्या कणसाएवढी. शेतात हातभर खोल पुरायची. मातीतल्या जिवाणूंपासून मिळणाऱ्या कणभर विजेवर ती चाले. दिवसभर वीज साठवायची आणि पहाटे, हवा थंड आणि स्थिर असताना, एकदाच आपल्या मातीची ओल शेजारच्या खुंटीला कळवायची. तिने पुढच्या खुंटीला, तिने आणखी पुढच्या. समुद्राकडून येणारा ओलावा आधी मोझांबिकच्या मातीला कळे, मग मलावीच्या, मग झांबियाच्या. अशा लाखो खुंट्यांचं ऐकून मधलं यंत्र प्रत्येक शेताला वेगळं सांगे: हा पाऊस खोटा आहे, थांब. किंवा, हा खरा, पेर.

लोकांनी त्या यंत्राला नाव ठेवलं शेजारीण. सगळ्यांच्या घरचं सगळं तिला माहीत, म्हणून.

पहिल्या वर्षी शेजारणीने हजारो गावं वाचवली. दुसऱ्या वर्षी लोकांनी तिला फसवायला सुरुवात केली. माती फार कोरडी दिसली की दुष्काळी बियाण्याचं पुडकं जास्तीचं मिळे, म्हणून कुणी खुंटी उपटून चुलीवर शेकू लागले. पेरणीची परवानगी लवकर हवी म्हणून कुणी खुंटीवर पाणी ओतू लागले. एका खोट्या खुंटीने पुढच्या वीस गावांचा अंदाज चुके. मग इंजिनियरांनी शेजारणीला संशय घ्यायला शिकवलं. आजूबाजूच्या खुंट्यांशी जी जुळेल ती खरी, जी जुळणार नाही ती संशयित. संशयित खुंटीची खातरजमा करायला प्रत्येक गावात एक साक्षीदार नेमला. त्याने शेतात जायचं, गिरमिटाने भोक पाडायचं, हातभर खालची माती मुठीत घ्यायची आणि फोनवर ‘खरं’ किंवा ‘खोटं’ दाबायचं. घरच्याच शेताची साक्ष असेल तर गावप्रमुखाचाही अंगठा लागे.

खोट्या खुंट्या गावाने काढून न टाकता तशाच राहू दिल्या की गावाची प्रत घसरे. अ वरून ब, ब वरून क. क प्रतीच्या गावाला शेतागणिक सल्ला मिळत नसे, जिल्ह्याचा सरासरी अंदाज तेवढा मिळे. नाम्बीरोने ते एक वर्ष भोगलं होतं. सरासरी पावसावर पेरलं, सगळं करपलं, आणि डिसेंबरचे तीन आठवडे गावाने कच्च्या आंब्यांवर काढले. तेव्हापासून कुणाची खुंटी संशयित निघाली की अख्खं गाव त्या घराकडे तिरक्या नजरेने बघू लागे.

नाम्बीरोची साक्षीदार मलिता होती. शिकलेली, बोलायला चोख, आणि कुणाचं ऐकून न घेणारी.

त्या दिवशी नेहमीप्रमाणे ती दुपारी निघाली. साक्षीला दुपारीच जायचं, हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. उजाडायच्या आधी दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवणारा माणूस पीक चोरायला आलेला असतो, आणि चोरतो तोही हाताने नव्हे. मातीतला कस ओढून आपल्या शेतात नेतो, अशी त्या मुलखाची पक्की समजूत. नवऱ्याच्या शेतात बायकोनेही त्याच्या आधी जायचं नाही. आपल्याकडे दारात लिंबू सापडलं की शिकले-सवरलेले लोकही ते ओलांडताना कसे जपून पाय टाकतात, तसंच ते. म्हणून साक्षीदार सूर्य चांगला डोक्यावर आल्यावर जात, चार लोक बघताहेत ना याची खात्री करून.

जुस्तिनोचं शेत लांबूनच वेगळं दिसत होतं. बहुतेक सगळं मोकळं, धुळकट रान. ऑगस्टात तूर निघाली की गावात शेळ्या मोकळ्या सोडतात आणि दोन महिन्यांत बहुतेकांचे खुंट साफ होतात. ही जुनी रीत. जुस्तिनोच्या शेतात मात्र तूर अजून उभी होती, हिरवीगार. भोवती त्याने काटेरी फांद्या रोवल्या होत्या. गावाला त्या उभ्या तुरीपेक्षा त्या फांद्या जास्त टोचत होत्या. शेतकऱ्याने कुंपण घातलं म्हणजे शेजाऱ्यावर भरवसा नाही असं त्याने गावाला सांगितल्यासारखं होतं.

खुंटीचा पहाटेचा आकडा फोनवर होता: ओल एकवीस टक्के. आजूबाजूच्या चाळीस शेतांत नऊच्या वर एक नव्हतं. मलिताने गिरमीट फिरवलं, हातभर खालची माती काढली, मूठ दाबली आणि उघडली. माती भुरभुर खाली पडली. ओलीचं नाव नव्हतं.

बांधावर दोन बायका उभ्या होत्या, त्या बघत होत्या. ‘खोटं’वर बोट नेलं आणि तिने मागे घेतलं. आजवर तिने कधी असं केलं नव्हतं. अजून दोन दिवस आहेत, असं स्वतःला सांगून ती घरी आली.

संध्याकाळी लाझारो मामा आले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. बांधावरच्या बायकांनी त्यांचं काम केलंच होतं. मामांनी भाचीची, नातीची, कोंबड्यांची चौकशी केली, आणि मग सरळ विषयावर आले. गाव ब प्रतीवर लटकलंय. आणखी एक घोळ निस्तरला नाही तर क. पेरणी तीन आठवड्यांवर आली. ‘खोटं’ दाबायचं, खुंटी काढून टाकायची, म्हणजे शेजारणीच्या लेखी गावाने आपला चोर आपण पकडला असं होतं आणि प्रत वाचते. मागे असंच केलं होतं, तुला आठवतंच.

मलिताला आठवत होतं. मागचा माणूस होता बेस्टन, तिच्या धाकट्या बहिणीचा, फानेसीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याचीही खुंटी ओली निघाली होती. तो शपथेवर सांगत होता की मी पाणी घातलेलं नाही. मलिताने दुपारी जाऊन माती बघितली, कोरडी होती, तिने ‘खोटं’ दाबलं. आठवड्याभरात मामांनी त्याला चटई उचलायला लावली. तो दक्षिणेला खाणीत कामाला गेला म्हणतात. फानेसी दोन मुलं घेऊन शेजारच्याच घरात राहत होती आणि बहिणीशी गरजेपुरतं बोलत होती.

“आणि तिओनाचे बाबा?” मलिताने विचारलं. तिओना म्हणजे तिची मुलगी.

“ते नंतर बघू,” मामा म्हणाले. बेस्टनच्या वेळी ते हेच म्हणाले होते.

दुसरा दिवस मलिताने नवऱ्यावर नजर ठेवण्यात घालवला. नजर ठेवायला लागलं की माणूस काहीही केलं तरी चोर दिसतो. तो दोनदा कॅनकडे बघून हसला, हेही तिला खटकलं. तो आंघोळीला गेला तेव्हा तिने त्याचा शर्ट नाकाशी धरला. शेण? लेंड्या? ज्याच्या घरी एक शेळी नाही त्याच्या शर्टाला लेंड्यांचा वास कशाला येईल? बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिने त्याच्या खिशात हात घातला. खिशात सुतळीचा तुकडा निघाला. तिला स्वतःची लाज वाटली, आणि संशय काही कमी झाला नाही.

तिसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा ती जागीच होती. तो कॅन घेऊन गेला. पूर्वेला नुकतंच फटफटू लागलं होतं. मलिताने गिरमीट उचललं आणि त्याच्या मागे निघाली. कुणी पाहिलं असतं तर साक्षीदारपण सोडाच, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. तरीही ती चालत राहिली, कारण तो पाणी घालताना दिसला असता तर निदान मनाला लागलेली ही कीड तरी थांबली असती.

जुस्तिनो पाणी घालत नव्हता. कॅनमधलं गढूळ पाणी तो झाडूने तुरीच्या पानांवर शिंपडत होता. अगदी थोडं थोडं, देवळात तीर्थ देतात तेवढं. वास इथपर्यंत येत होता.

तिला बघून तो दचकला, पण ओरडला नाही.

“लेंड्यांचं पाणी आहे,” तो म्हणाला. “पानांना लावलं की शेळ्या तोंड लावत नाहीत. स्वतःची घाण त्यांनाही आवडत नाही.”

“लेंड्या कुठून आणल्या?”

“मामांच्या गोठ्यातून.”

मलिताला हसावं की रडावं कळेना. “मला का नाही सांगितलं?”

“तू साक्षीदार आहेस. तुला सांगितलं असतं तर शेतात पाणी नेतो हे तुला लिहावं लागलं असतं. दोन दिवस माझा शर्ट हुंगतेयस. तू तरी कुठे विचारलंस?”

तिने गिरमीट टेकवलं आणि फिरवू लागली. वर बोटभर धूळ, मग कोरडी माती, आणि मग हातभर खाली गिरमीट जड झालं. तिने माती काढून मूठ दाबली. मूठ उघडली तर मातीचा गोळा तसाच राहिला, त्यावर तिच्या बोटांचे ठसे. दोन तुरींच्या मधोमध, मुळांपासून लांब, तिने दुसरं भोक पाडलं. तिथे धूळ. पुन्हा बुंध्याजवळ. पुन्हा गोळा.

पानांवर शिंपडलेलं पाणी हातभर खाली जाणं शक्य नव्हतं. एवढ्या रानाला एक कॅन पुरणंही शक्य नव्हतं. मग ही ओल आली कुठून?

“मुळं आणतात,” जुस्तिनो म्हणाला. त्याला शास्त्र येत नव्हतं, पण जे दिसलं ते त्याने नीट सांगितलं. रात्री पानं मिटतात, झाड पाणी पीत नाही. खोल गेलेली मुळं मात्र ओढतच राहतात. वरची माती तहानलेली असते, ती मुळांतून पाणी शोषून घेते. पहाटेपर्यंत हातभर खोलीवर ओल जमते. मग ऊन चढतं, पानं जागी होतात आणि तेच पाणी परत पिऊन टाकतात. दुपारी बघशील तर काही नाही.

हे खरंच आहे. काही झाडांची मुळं रात्री खोलचं पाणी वर सोडतात, हे वनस्पतिशास्त्राला ठाऊक होतं. पण नव्या वाणाची तूर दुसऱ्या वर्षी एवढं पाणी उचलते हे सहा देशांतल्या एकाही शेती संशोधन केंद्राला माहीत नव्हतं, कारण केंद्रांच्या रानातही तूर दर वर्षी काढून टाकत, आणि गावांत ती शेळ्या खात. अशा तुरीच्या पायाशी टोकलेला मका पंधरा दिवसांचा खाडा सहज काढेल. ज्या एका गोष्टीसाठी सहा सरकारांनी एवढा खटाटोप केला होता, ती या काटेरी कुंपणात उभी होती. आणि शेजारीण तिला चोर म्हणत होती, कारण ती बाकीच्यांशी जुळत नव्हती.

मलिता गोळा हातात घेऊन उभी राहिली. तांबडं फुटलं होतं.

“तुमच्या गावी असं करतात?” तिने विचारलं.

“नाही. हे मला बेस्टनने सांगितलं. तो निघाला त्या दिवशी मी त्याला नदीपर्यंत सोडायला गेलो होतो ना, तेव्हा. म्हणाला, मी गेलो तरी तू करून बघ.”

तिने जुस्तिनोकडे बघितलं नाही. तिथेच बांधावर बसून तिने फोन काढला, ‘खरं’ दाबलं आणि खाली लिहिलं: पहाटे ओली, दुपारी कोरडी. चार वर्षांत तिने वेळ कधी लिहिली नव्हती. त्या फॉर्मात सगळ्याला जागा होती, मातीच्या रंगालासुद्धा. साक्ष किती वाजता घेतली हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. राजधानीतल्या इंजिनियरला काय माहीत, की सहा देशांतला एकही साक्षीदार उजाडायच्या आधी शेतात पाय ठेवणार नाही.

फोनवर शेजारणीची अक्षरं आली. मलिताने याआधी ‘खोटं’ ठरवलेल्या अकरा खुंट्यांत हाच फरक असू शकतो. त्या साक्षी पुन्हा उघडाव्यात का? उघडल्यास फेरतपासणी होईपर्यंत साक्षीदाराचं काम थांबेल, गावाची प्रत स्थगित होईल, शेतागणिक सल्ला मिळणार नाही. आज सूर्यास्तापर्यंत उत्तर द्यावं. खाली दोन चौकोन होते. हो. नाही. आणि अकरा नावं. सहावं नाव बेस्टनचं.

सकाळी ती मामांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं, लेंड्यांसकट. ती पहाटे शेतात गेली होती, हे ऐकून मामांनी दार लोटून घेतलं. मामा वाईट मनुष्य नव्हते. कच्चे आंबे खाऊन पोरं आजारी पडली तेव्हा त्यांनी स्वतःची शेळी विकून औषध आणलं होतं. त्यांनी हिशेबी माणसासारखा तोडगा काढला. जुस्तिनोच्या साक्षीवर मी अंगठा देतो. त्याची तूर उभी आहे, ती खरी ठरेल, तो इथेच राहील. तू ‘नाही’ दाब. अकरा थडगी उकरून गावाला काय मिळणार? पेरणीच्या तोंडावर प्रत स्थगित झाली तर सगळं गाव वाऱ्यावर.

“आणि ‘हो’ दाबलं तर?”

“तर मी अंगठा देणार नाही. आणि जावयाला निरोप जाईल.”

त्यांचा आवाज जराही चढला नाही. बेस्टनला घालवायचा निर्णय तिच्या एका बोटावर झाला असला तरी तो शब्द मामांच्या तोंडून निघाला होता, आणि तो चुकीचा ठरणं त्यांना परवडणार नव्हतं. मलिताला हे समजत होतं. तिलाही कुठे परवडणार होतं?

घरी येऊन तिने जुस्तिनोला सांगितलं. खरं तर त्याने म्हणावं, ‘नाही’ दाब, अशी तिची इच्छा होती. मग सगळं सोपं झालं असतं. तो उठला आणि भिंतीला टेकवलेली चटई गुंडाळू लागला.

“मामांनी सांगितलंच तर मी पलीकडे आईकडे जाऊन राहीन,” तो म्हणाला. “फेरतपासणीला जिल्ह्याचा माणूस पहाटे येऊन बघेलच. तूर काही पळून जात नाही. शेळ्यांकडे तेवढं तू बघ.”

“आणि जिल्ह्याचा माणूसही दुपारीच आला तर?”

यावर तो हसला. मलिताला हसू आलं नाही.

फानेसीच्या अंगणात ती चार वाजता गेली. फानेसी मका निवडत होती. बस म्हणाली नाही. मलिताने उभ्यानेच सांगितलं, पहाटेची माती, दुपारची माती, बेस्टनचं नाव, मामांचा तोडगा, सगळं. सांगताना तिला वाटत होतं की बहीण रडेल, किंवा अंगावर धावून येईल. फानेसी निवडत राहिली. सूप रिकामं झालं तेव्हा तिने वर बघितलं.

“माझ्या नवऱ्याच्या वेळी दुपारी गेलीस, ताई,” ती म्हणाली. “तुझ्या नवऱ्याच्या वेळी पहाटे गेलीस.”

रिवाज होता, समजूत होती, फॉर्मात वेळेला जागा नव्हती. हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून निघेना. जुस्तिनोसाठी तिने तो रिवाज मोडला होता, भीत भीत का होईना. बेस्टनसाठी तिच्या मनातही आलं नव्हतं. त्याने शपथ घेतली तेव्हा तिला वाटलं होतं, चोर शपथा घेतातच.

तिने फोन पुढे धरला आणि बहिणीच्या डोळ्यांदेखत ‘हो’ दाबलं.

उत्तर यायला वेळ लागला नाही. चार शेतांत थोडी जुनी तूर अजून उभी आहे. तिथे पहाटे फेरतपासणी होईल. उरलेल्या सात शेतांत पीक शिल्लक नाही, साक्ष शक्य नाही, जुना निकाल कायम. सहावं शेत या सातांत होतं. बेस्टन गेला त्याच आठवड्यात त्याच्या तुरीत शेळ्या सोडल्या होत्या. गावानेच.

“म्हणजे तो चोरच राहणार,” फानेसी म्हणाली.

“शेजारणीच्या लेखी राहील.”

फानेसीने सूप भिंतीला लावलं. आत जाऊन तिने एक चुरगळलेला कागद आणला. त्यावर दक्षिणेकडचा एक नंबर होता. गेल्या वर्षभरात तिने चारदा फोन केला होता, बेस्टनने एकदाही उचलला नव्हता. तिचा नंबर दिसला की तो कापतो, असं तिने शांतपणे सांगितलं. मलिताने तोच नंबर आपल्या फोनवर लावला. घंटा वाजत राहिली. मधल्या दाराशी फानेसीची दोन मुलं येऊन उभी राहिली.

पलीकडून फोन उचलला गेला. यंत्रांची घरघर ऐकू येत होती. कोण, असं एका दमलेल्या आवाजाने विचारलं.

“मी मलिता. नाम्बीरोहून.” तिने फोन दोन्ही हातांनी धरला. “बेस्टन, तू खोटं बोलला नव्हतास. तुझी माती ओली होती. चूक माझी होती.”

बराच वेळ नुसती घरघर आली. त्याने फोन ठेवला असं तिला वाटलं.

“शेजारणीने मान्य केलं?” त्याने विचारलं.

मलिताने बहिणीकडे बघितलं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या मातीबद्दल बोलत आली होती, आणि दर वेळी तिच्या पाठीशी एक यंत्र होतं.

“नाही,” ती म्हणाली. “तिला आता कधीच पटणार नाही. हे मी सांगतेय.”

पलीकडे कुणीतरी घरघर बंद केली. मग तो म्हणाला, “फानेसी आहे का तिथे?”

फानेसीने हात पुढे केला. मलिताने फोन तिच्या हातात दिला, आणि मामांचा निरोप जुस्तिनोला जायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून ती निघाली.